कीर्द आणि खतावणी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर दोन वह्या मांडीत. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. तालुक्याच्या गावी आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. दोन्ही वह्यांना तांबडा कापडी पुठ्ठा, दोन्हींवर हळदकुंकवाची बोटे, दोन्हींच्या पहिल्या पानावर 'श्री'. मला त्या जुळ्या बहिणी वाटत. फरक आजोबांनीच एकदा समजावून दिला. दिवसात जे घडले ते घडले त्याच क्रमाने जिच्यात लिहायचे ती कीर्द. आणि मग त्याच रकमा ज्याच्या त्याच्या नावाखाली वेगळ्या करून जिच्यात उतरवायच्या ती खतावणी. "धंदा कसा चाललाय ते खतावणी सांगते," ते म्हणाले, "आणि दिवस कसा गेला ते कीर्द."

धाकटे काका चित्रकला शिकायला म्हणून घराबाहेर पडले तेव्हा आजोबांनी त्यांना एक पैही दिली नाही, ही गोष्ट आमच्या घरात सर्वांना ठाऊक होती. काकांना शिकवले ते आत्याने, आपल्या मास्तरणीच्या पगारातून. काका हे शेवटपर्यंत सांगत, आणि आजोबांचे नाव निघाले की उठून जात. पुढे आजोबा गेले, काका गेले, आत्याही गेली. आणि घर रिकामे करताना त्या वह्या माझ्या हाती आल्या. खतावणीत काकांच्या नावाचे खाते नव्हते. म्हणजे घरातली गोष्ट खरी होती. पण सहज कीर्द चाळू लागलो, तो दर महिन्याच्या तीन-चार तारखेला, साखरेचे पोते आणि हमाली यांच्या मधोमध, एकच ओळ दिसू लागली : 'चि. ताईस मनिऑर्डर रु. १५'. चार वर्षे, एकही महिना न चुकता. खतावणीत ही रक्कम 'घरखर्च' या खात्यात विरून गेली होती.

आजोबांनी हे का लपवले, ते सांगायला आता कोणी उरलेले नाही. ही घरगुती हकीकत मी येथे प्रस्तावनेदाखल सांगितली याचे कारण एवढेच, की गेली काही वर्षे मी एका माणसाची चरित्रे वाचीत आलो आहे, आणि त्याच्या चरित्रकारांचा सारा घोळ या दोन वह्यांचाच आहे असे माझे मत बनले आहे.

तो माणूस म्हणजे जॉन मेनार्ड केन्स. नाव अर्थशास्त्रातले आहे म्हणून वाचकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. त्याच्या सिद्धान्तांबद्दल मी फारसे बोलणार नाही. मला कुतूहल आहे ते त्याच्या आयुष्याच्या आवाक्याचे. १८८३ मध्ये केंब्रिजला जन्मलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तहपरिषदेत ब्रिटिश अर्थखात्याचा मुख्य प्रतिनिधी होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रेटन वुड्सच्या परिषदेत आपल्या देशाच्या शिष्टमंडळाचा नायक होता. म्हणजे तो मुत्सद्दी झाला. त्याने स्वतःचा आणि आपल्या कॉलेजचा पैसा चलनांत, मालात आणि शेअरांत गुंतवला, एकदा पार बुडाला आणि पुन्हा श्रीमंत झाला. म्हणजे तो गुंतवणूकदारही झाला. त्याने चित्रकारांच्या पोटापाण्यासाठी संस्था काढली, केंब्रिजच्या लोकांसाठी नाट्यगृह बांधले आणि युद्धकाळात साऱ्या ब्रिटनभर नाटक-संगीत पोचवणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. आणि हे सर्व करीत असता तो म्हाताऱ्या आईबापांचा थोरला मुलगा होता, आणि एका रशियन नर्तकीचा नवरा होता. इतक्या गोष्टी एका माणसाच्या नावावर पाहिल्या की चरित्रकाराला साहजिकच खतावणी उघडण्याचा मोह होतो.

मोहाचे अगदी ताजे उदाहरण म्हणजे रिचर्ड डेव्हनपोर्ट-हाइन्स यांचे 'युनिव्हर्सल मॅन' हे २०१५ चे पुस्तक. लेखकाने केन्सची सात आयुष्ये कल्पून सात प्रकरणे केली आहेत : परहितवादी, बालबुद्धिमान, अधिकारी, लोकपुरुष, प्रेमिक, रसिक आणि राजदूत. पुस्तक देखणे आहे, भाषा खेळकर आहे, आणि ज्याला तीन जाडजूड खंड वाचण्याचे धैर्य नाही त्याने ते अवश्य वाचावे. पण वाचून झाल्यावर मला सात ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटले, आणि आठवा, ज्याला भेटायला मी गेलो होतो, तो मात्र घरी नव्हता. शिवाय या सात नावांत गुंतवणूकदाराला स्वतंत्र खाते नाही. ज्या उद्योगात हा माणूस जवळजवळ तीस वर्षे गुंतला होता त्याला शीर्षकात जागा मिळू नये, याचे मला नवल वाटले. पैशाचा उल्लेख रसिक माणसाच्या शेजारी करणे लेखकाला थोडे अशिष्ट वाटले असावे काय? आपल्याकडेही साहित्यिकांच्या चरित्रांत त्यांच्या घरभाड्याचा उल्लेख सापडत नाही, त्याचीच ही इंग्रजी बहीण.

या परंपरेचा आरंभ केला रॉय हॅरड यांनी. त्यांचे चरित्र १९५१ मध्ये, केन्सच्या मृत्यूनंतर अवघ्या पाच वर्षांनी आले. हॅरड हे केन्सचे स्नेही आणि स्वतः अर्थशास्त्रज्ञ. पुस्तकात भक्ती आहे, माहिती आहे, आणि शिष्याने गुरूच्या खोलीत पाऊल न वाजवता हिंडावे तशी शैली आहे. पण त्यांनी वहीतली काही पानेच गाळली. तरुणपणी केन्सचे प्रेम पुरुषांवर होते, विशेषतः डंकन ग्रँट या चित्रकारावर. ही गोष्ट हॅरड यांना ठाऊक असून त्यांनी लिहिली नाही. त्यांना दोष देताना मात्र माझी जीभ अडखळते. इंग्लंडात तेव्हा अशा प्रेमाला तुरुंगाची शिक्षा होती. आणि केन्सची आई फ्लॉरेन्स त्या वेळी हयात होती, ती १९५८ पर्यंत जगली. मुलाचे चरित्र आईच्या मांडीवर ठेवायचे असेल तर लेखणी कशी चालते, हे ज्याने कोणाचेही चरित्र लिहिले आहे त्याला समजेल. पण समजले म्हणून पाने परत येत नाहीत. गाळलेल्या पानांचा परिणाम असा झाला, की पुढची चाळीसच्या वर वयाची, नवऱ्याची आणि संसाराची पानेही खोटी वाटू लागली. लिडियाशी झालेला विवाह म्हणजे जणू प्रतिष्ठेचा पडदा, असा तर्क लोक करू लागले. एक सत्य दडवले की शेजारचे सत्यही संशयित ठरते.

रॉबर्ट स्किडेल्स्की यांनी या अन्यायाची भरपाई केली. त्यांचे तीन खंड १९८३, १९९२ आणि २००० साली आले. आणि पुढे तर ससेक्समधील टिल्टन या केन्सच्याच घरात त्यांनी बिऱ्हाड केले. माझ्या मते आजवरची खरी कीर्द हीच. स्किडेल्स्की केन्सला खात्यांत वाटून देत नाहीत. सकाळी अर्थखात्यात, दुपारी शेअरदलालाशी टेलिफोनवर, संध्याकाळी नाटकाच्या तालमीला, रात्री लिडियाला पत्र, अशा क्रमाने ते त्याच्या मागोमाग चालतात. आणि मग खतावणीत कधीही न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. अशा तीन नोंदी मी वाचकांपुढे ठेवतो.

पहिली नोंद मार्च १९१८ ची. चित्रकार देगा यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संग्रहाचा लिलाव पॅरिसमध्ये व्हायचा होता. जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफा पॅरिसवर आग ओकत होत्या आणि त्यामुळे चित्रांचे भाव पडले होते. ही बातमी डंकन ग्रँटने आणली. केन्सने सरकारकडून साडेपाच लाख फ्रँक मंजूर करून घेतले. आणि दोस्तराष्ट्रांच्या पैशाच्या वाटाघाटींसाठी निघालेल्या मंडळींबरोबर तो नॅशनल गॅलरीच्या संचालकांनाच घेऊन पॅरिसला गेला. राष्ट्रासाठी चित्रे घेतली गेली. संचालकांना सेझान या चित्रकाराची गोडी नव्हती, तेव्हा सेझानचे सफरचंदांचे एक छोटे चित्र केन्सने स्वतःच्या पैशाने घेतले. परत येताना एका मंत्र्याच्या मोटारीने त्याला मित्रांच्या घराच्या गल्लीशी सोडले. सामान जड होते, म्हणून ते चित्र त्याने कुंपणाच्या झुडपात ठेवले आणि घरी जाऊन जेवणाच्या टेबलाशी सांगितले, की सेझान बाहेर कुंपणात आहे, जाऊन घेऊन या! मंडळी धावली. आता सांगा, ही नोंद कोणत्या खात्यात घालायची? मुत्सद्देगिरीच्या, गुंतवणुकीच्या, लोककार्याच्या की मैत्रीच्या? दिवस एकच, प्रवास एकच, खिसा एकच.

दुसरी नोंद १९२० ची. आदल्या वर्षी जून महिन्यात केन्सने पॅरिसच्या तहपरिषदेतून राजीनामा दिला होता. हरलेल्या जर्मनीवर तिला पेलणार नाही एवढी भरपाई लादली जात आहे आणि त्यातून साऱ्या युरोपचा नाश होईल, हे त्याचे म्हणणे. त्या उन्हाळ्यात त्याने ते पुस्तकात मांडले, डिसेंबर १९१९ मध्ये पुस्तक निघाले आणि जगभर गाजले. हे सर्वांना माहीत असते. त्याच वेळी तो काय करीत होता, हे कीर्दीत सापडते. युरोपची चलने कोसळणार या आपल्याच भाकितावर त्याने पैसे लावले होते. स्वतःचे आणि मित्रांचेही. भाकीत पुढे खरे ठरले. पण १९२० च्या मे महिन्यात काही आठवडे चलने उलट दिशेने गेली आणि केन्स साफ बुडाला. एका धनाढ्य सावकाराकडून पाच हजार पौंडांचे कर्ज आणि आपल्या त्याच पुस्तकाच्या मिळकतीतून घेतलेली उचल, यांवर त्याने पुन्हा डाव मांडला. आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत मित्रांचा पै न् पै फेडला.

या नोंदीचे महत्त्व मला फार वाटते. केन्स पुढे जन्मभर सांगत राहिला, की भविष्य आपल्याला माहीत नसते, आणि शेवटी बरोबर ठरणे पुरत नाही, मधल्या दिवसांत तगून राहावे लागते. विद्वानांना हे तत्त्व ग्रंथांतून आले असे वाटते. ते त्याने तळहात पोळून शिकलेले होते. १९२४ पासून तो किंग्ज कॉलेजचा मुख्य कोषाध्यक्ष होता. १९२९ च्या मंदीत त्याने पुन्हा जबर मार खाल्ला. त्यानंतर त्याने आपली रीत बदलली. बाजार केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल याचा अंदाज करीत बसण्याऐवजी, ज्यांची आपल्याला खरी माहिती आहे अशा थोड्या कंपन्या निवडायच्या आणि वादळातही त्या सोडायच्या नाहीत. कॉलेजचा जो फंड १९२० च्या सुमारास तीस हजार पौंडांचा होता, तो त्याच्या अखेरच्या दिवसांत सुमारे तीन लाख ऐंशी हजारांवर गेला होता. आपल्या मुख्य ग्रंथात, शेअरबाजाराच्या प्रकरणात, त्याने अर्धवट थट्टेने असेही सुचवले आहे, की गुंतवणूक ही विवाहासारखी कायमची करून टाकावी, गंभीर कारणाशिवाय मोडता येऊ नये. हे लिहिणारा गृहस्थ तेव्हा दहा-अकरा वर्षांचा संसारी होता. बायकोच्या पहिल्या लग्नाचा घोळ कोर्टातून सोडवून घेतल्यावरच त्याला ते लग्न करता आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे थट्टेतला अनुभव कळतो.

तिसरी नोंद फेब्रुवारी १९३६ ची, आणि ती तर कोणी रचून सांगितली तर खरी वाटू नये. ३ तारखेला केंब्रिजचे आर्ट्स थिएटर उघडले. ४ तारखेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ज्या ग्रंथाने शतकाचे अर्थशास्त्र पालटले तो 'जनरल थिअरी' प्रसिद्ध झाला. आणि त्याच महिन्यात त्या नव्या रंगमंचावर लिडिया इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मध्ये नोरा झाली. नाट्यगृहाचा बहुतेक पैसा केन्सचा होता. त्याला उपाहारगृह जोडले होते, कारण नाटकाने कोणापुढे हात पसरू नयेत असा त्याचा आग्रह. तिकिटांचा हिशेब तो स्वतः पाही. दोन वर्षांनी, नाट्यगृह आपल्या पायांवर उभे राहताच, त्याने ते विश्वस्तांच्या हवाली केले. चित्रकारांसाठी त्याने १९२५ मध्ये काढलेल्या संस्थेचीही रीत हीच होती : चित्रकाराला वर्षाच्या ठरावीक उत्पन्नाची हमी द्यायची, म्हणजे तो भाड्याच्या काळजीने ब्रश खाली ठेवणार नाही, आणि चित्रे विकली की त्यातून संस्थेने आपला खर्च काढायचा. दानही नव्हे आणि निव्वळ धंदाही नव्हे. आज याला भारदस्त नावे आहेत. माझ्या आजोबांच्या वहीत ते 'घरखर्च' या सदरात गेले असते.

या तीन नोंदी वाचल्यावर मला जे वाटते ते असे. केन्सची चार आयुष्ये नव्हती. पैसा हा कशासाठी तरी असतो, आणि ज्यासाठी तो असतो त्या गोष्टी फार नाजूक असतात, या एका जाणिवेचा तो माणूस होता. १९३० मध्ये त्याने नातवंडांच्या काळाविषयी एक निबंध लिहिला. पैशावर पैसा म्हणून प्रेम करणे हा एक प्रकारचा विकार आहे, असे पुढच्या पिढ्यांना एक दिवस कळेल, असे त्यात म्हटले आहे. त्याला मूलबाळ नव्हते. तरीही नातवंडांसाठी लिहिले. बाजारात त्याच्याइतका पैसा मिळवलेला दुसरा कोणी असे लिहिता तर ढोंग वाटले असते. कुंपणातला सेझान आठवला की ते ढोंग वाटत नाही.

संसाराबद्दल थोडे लिहिले पाहिजे. लिडिया लोपोकोवा ही दियागिलेव्हच्या मंडळातली नामांकित नर्तकी. १९२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे लग्न झाले. केन्सच्या बुद्धिमान मित्रमंडळींना ही सून पसंत नव्हती; तिचे इंग्रजी मोडके, तिचे बोलणे भलत्याच वेळी भलतेच. त्या मंडळींचे कागदपत्र पुढे छापले गेले आणि त्यांची कुत्सित वाक्ये अजून लोक चवीने वाचतात. पण १९३७ मध्ये केन्सच्या हृदयाने दगा दिला, त्यानंतरची नऊ वर्षे त्याला जगवले ते तिने. कोणाला भेटायचे, किती मिनिटे भेटायचे, केव्हा दिवा मालवायचा, हे ती ठरवी. ब्रेटन वुड्सला ती बरोबर होती. वॉशिंग्टनला होती. शेवटच्या आगगाडीतही होती. या नऊ वर्षांतली मुत्सद्देगिरी तिच्या वेळापत्रकावर उभी होती. आणि तरीही चरित्रांच्या खतावणीत ती 'संसार' या खात्यात सापडते, 'राजदूत' या खात्यात तिचे नाव पाहुण्यासारखे येते. स्किडेल्स्की यांनी तिला तिचे स्थान दिले, याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे. आपल्याकडे थोर पुरुषांच्या चरित्रांत पत्नीवर एक प्रकरण असते आणि त्याचे नाव 'सहधर्मचारिणी' असते. ते प्रकरण मोडून साऱ्या पुस्तकभर पसरावे, अशी माझी आपल्या चरित्रकारांना विनंती आहे.

येथवर मी कीर्दीची स्तुती केली. पण कीर्द कोणाच्या दुकानात बसून लिहिली आहे, हाही प्रश्न असतो. आणि मराठी वाचक म्हणून मला तो विचारावाच लागेल.

केन्सचा आणि आपला संबंध त्याच्या पहिल्याच नोकरीपासूनचा. १९०६ मध्ये तो लंडनच्या इंडिया ऑफिसात लागला. तेथे त्याला मिळालेले पहिले काम म्हणजे एअरशायर जातीचे दहा तरुण वळू जहाजाने मुंबईला रवाना करण्याचे. ते त्याने चोख केले. पुढे १९१३ मध्ये त्याचे पहिले पुस्तक आले तेही हिंदुस्थानच्या चलनावरच. रुपया सोन्यात नव्हे तर सोन्याशी बांधलेल्या पौंडात बदलून देण्याची जी पद्धत येथे रुळली होती, तिची त्याने वाखाणणी केली. तिला पहिले भक्कम उत्तर दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात. चलन चालवणाऱ्यांच्या मर्जीवर रुपयाची किंमत सोडणे धोक्याचे आहे. रुपयाला बाहेर सोन्यात काय मिळते याहून येथल्या बाजारात त्याला काय मिळते हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. केन्स पद्धतीची सफाई पाहत होता, आंबेडकर रुपया ज्याच्या मुठीत आहे त्याला पाहत होते. इतक्या पुस्तकांतून आणि इतक्या कागदांतून हिंदुस्थान पाहिलेला केन्स हिंदुस्थानात मात्र एकदाही आला नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. ब्रिटनने हिंदुस्थानातून युद्धासाठी माल घेतला, माणसे घेतली. आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत आपल्या नावे जमा दाखवली. येथे त्या कागदी जमेवर नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले, आणि १९४३ मध्ये बंगालात माणसे रस्त्यावर मेली. युद्ध संपल्यावर या जमेचा आकडा सुमारे १३० कोटी पौंड होता. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा आपल्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नात्याचा हा संस्कृतज्ञ, ज्याने पुढे 'मेघदूत' मराठी पद्यात उतरवले. बरोबर षण्मुखम् चेट्टी होते, ए. डी. श्रॉफ होते. या जमेचा काही भाग तरी नव्या जागतिक निधीमार्फत मोकळा व्हावा, अशी मागणी त्यांनी मांडली. केन्सने उत्तर दिले. हे दोन देशांचे आपसातले प्रकरण आहे, त्याचा निकाल निधीने लावायचा नाही; पण ब्रिटन हे उपकार विसरणार नाही आणि सन्मानाने हिशेब चुकता करील, असा त्या उत्तराचा आशय होता. भाषण सुंदर होते. पुढल्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्याने आपल्या सरकारसाठी जो आराखडा केला त्यात या देण्यांपैकी एक भाग मोकळा करावा, एक भाग लांबणीवर टाकावा आणि एक भाग धनकोंनी सोडून द्यावा, अशी सूचना होती.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटन तेव्हा खरोखरच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. केन्स आजारी हृदय घेऊन वॉशिंग्टनला गेला, तेथे महिनोन्महिने मनधरणी केली आणि ३७५ कोटी डॉलरांचे कर्ज आणले. ते फिटायला २००६ साल उजाडले. युद्ध सर्वांचे होते, तेव्हा खर्चही सर्वांनी वाटून घ्यावा, हा त्याचा युक्तिवाद होता. पण ज्या माणसाने १९१९ मध्ये, पराभूत शत्रूला पेलेल तेवढेच मागा, असे साऱ्या जगाला बजावले, एवढेच नव्हे तर वाटाघाटीच्या टेबलापलीकडच्या जर्मन प्रतिनिधीचे, मेल्किओरचे, दुःख ज्याच्या काळजाला भिडले, त्याने १९४५ मध्ये मित्राकडून, तोही उपाशी मित्राकडून, सूट मागावी हे मला टोचते. मेल्किओर त्याच्या समोर बसला होता. बंगाल बसला नव्हता. शेवटी आपली जमा बुडाली नाही. पुढच्या करारांनी ती हप्त्याहप्त्याने मोकळी झाली, काही भाग इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनींत आणि येथे उरलेल्या लष्करी सामानाच्या किमतीत गेला. पण ते केन्सच्या आराखड्यामुळे झाले नाही.

स्किडेल्स्की हे दडवीत नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु त्यांच्या तिसऱ्या खंडाचे नावच पाहा. इंग्लंडातल्या आवृत्तीवर 'ब्रिटनसाठी झुंज' असे आहे. अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीवर तेच 'स्वातंत्र्यासाठी झुंज' असे झाले. प्रकाशकांच्या सोयी असतील. माझ्या खुर्चीतून पाहता मात्र पहिले नाव अधिक प्रामाणिक वाटते. कीर्द कितीही प्रामाणिक असली तरी ती एका दुकानाची असते; आपण त्या दुकानाचे धनको असू तर आपली वही आपल्याला वेगळी ठेवावी लागते. देशमुखांनी 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे आत्मचरित्र १९७४ मध्ये इंग्रजीत लिहिले. केन्सच्या खंडांशेजारी ते ठेवून वाचावे. आणि चार-पाच कारकिर्दींच्या या माणसाचेही, तारखेवार लिहिलेले मोठे मराठी चरित्र वाचायला मिळावे, अशी माझी इच्छा आहे.

केन्स २१ एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, टिल्टनला वारला. बाजारातून मिळवलेल्या पैशातूनच घेतलेले न्यूटनचे हस्तलिखित कागद त्याने कॉलेजला ठेवले. अंत्यप्रार्थनेला त्याचे आईबाप हजर होते, दोघेही ऐंशीच्या पुढचे. मी त्याची चरित्रे मिटतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही आणि त्याची पूजाही करवत नाही. काकांना आजोबांचा राग होता तो खतावणी वाचून; कीर्द हाती आली असती तर कदाचित त्यांनी पंधरा रुपयेच का, म्हणून नवा राग धरला असता. तोही त्यांचा हक्क होता. पण तो खऱ्या माणसावरचा राग झाला असता.

यंदाही लक्ष्मीपूजनाला मी त्या दोन जुन्या वह्या पाटावर मांडणार आहे. दुकान केव्हाच गेले. हिशेब मुलगा संगणकावर ठेवतो. हळदकुंकू मात्र मी कीर्दीला आधी वाहीन.